ऊसतोडीला गाव निघायच्या आधी मागं राहणाऱ्या मुलींसाठी ग्रामपंचायतीनं काय करावं?

डोंगरकाठ

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात एका लहान गावची ग्रामपंचायत सदस्य आहे. माहेर परभणीकडचं, लग्न होऊन इथं आले त्याला सहा वर्षं झाली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं ज्या मुलीबद्दल लिहिणार आहे ती ओळखू येऊ नये.

गाव सव्वादोनशे उंबऱ्यांचं. निम्म्याहून जास्त घरं दिवाळी झाली की दाराला कुलूप लावून ऊसतोडीला जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी सोलापूरला, कुणी कर्नाटकात बेळगावच्या बाजूला. परत यायला गुढीपाडवा उजाडतो. मधल्या पाच-साडेपाच महिन्यांत गावात राहतात म्हातारी माणसं, शेळ्या, आणि आजी-आजोबांकडं ठेवलेली मुलं. पहिल्या वर्षी हे बघून मला रडू आलं होतं. आता गावची सवय मलाही लागायला लागली आहे, आणि ती लागू नये म्हणून हे लिहिते आहे.

मागच्या हंगामात सातवीतली एक मुलगी आजीकडं राहिली होती. आजीला मोतीबिंदू, दिवेलागणीनंतर काही दिसत नाही. मुलगी हिशोबात इतकी पक्की की आमच्या बचत गटाच्या बायका पासबुक तिच्याकडूनच वाचून घ्यायच्या. संक्रांत झाली आणि कुणीतरी येऊन सांगितलं, मंगळवारी तिचं लग्न आहे, आईबाप चार दिवसांसाठी फडावरून, म्हणजे ऊसतोडीच्या रानातून आलेत. मी १०९८ ला फोन केला, ग्रामसेवकांना कळवलं, पोलीस आले, लग्न थांबलं. मुलगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही असं बापानं लिहून दिलं. मला वाटलं, झालं काम. दहाव्या दिवशी मामाच्या गावात रात्री पंधरा माणसं जमवून लग्न उरकलं. पाडव्याच्या आधी हातपंपावर भेटली. गळ्यात काळी पोत. कळशी भरेपर्यंत एकदाही तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी बोलायला गेले तर कळशी अर्धीच उचलून निघून गेली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या दर १०० बायकांमागं ४० हून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. सगळ्या राज्याचा आकडा २२ च्या आत आहे. हे मी मासिक सभेत वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा विषय पाणीपट्टीचा निघाला.

आमच्याकडं ग्राम बाल संरक्षण समिती आहे. म्हणजे सह्यांचं रजिस्टर आहे. विकास आराखड्यात 'बालस्नेही गाव' हा विषय घेतला आहे, भिंतीवर रंगवलाही आहे. स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणाला ठेवायचे असतात, ते आमच्याकडं काही हजारच होतात आणि दरवर्षी खुर्च्यांत नाहीतर सतरंज्यांत जातात.

आता भादवा चालू आहे. मुकादमांनी, म्हणजे टोळ्या नेणाऱ्या ठेकेदारांनी, उचल (हंगामाची आगाऊ रक्कम) वाटायला सुरुवात केली आहे. माझ्या हातात दीड महिना आहे. लग्न थांबवण्याची फोनाफोनी मला पुन्हा करायची नाही, कारण त्या पोरीला त्याचा काही उपयोग झाला नाही. आधी काय करायचं असतं? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा. पुस्तकातलं नको.

निवृत्त गुरुजी

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं काढली, त्यातली नऊ वर्षं हंगामी वसतिगृह चालवलं. माझ्या हाताखालून गेलेलं तेवढंच सांगतो.

वसतिगृह म्हटलं की लोकांना इमारत दिसते. तशी ती नसते. पोरं झोपायला आजीकडंच जातात, शाळेत सकाळ-संध्याकाळचं जेवण आणि अभ्यास होतो, दुपारचं पोषण आहारात असतंच. चालवते शाळा व्यवस्थापन समिती. पण त्याची मागणी गाव हलायच्या आधी गेली पाहिजे. आईबाप ट्रॅक्टरात बसल्यावर यादी करायला बसलात तर मंजुरी येईपर्यंत निम्मी पोरं फडावर पोचलेली असतात. एका रात्रीत बाप ठरवतो, 'इथं खायला कोण घालणार, चल बरोबर.' तुमच्या मुख्याध्यापकांना विचारा, यादी केंद्रप्रमुखांकडं गेली का. गेली नसेल तर या आठवड्यात व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या आणि पालकांची संमती नावानिशी, सहीनिशी जोडा. आकडा देऊ नका, नावं द्या. आकड्याला कात्री लावता येते, नावाला लावताना माणूस थांबतो.

पैसे उशिरा येतात हे धरून चाला. आमच्याकडं एका वर्षी हंगाम संपत आला तेव्हा आले. तोवर किराणा उधारीवर चालला. दुकानदाराची दोन नातवंडं त्याच पंगतीत बसायची म्हणून निभावलं. तुमचे दहा टक्के खुर्च्यांत घालण्यापेक्षा पहिल्या महिन्याच्या धान्याला ठेवा. त्याचा ठराव कसा लिहायचा ते ग्रामसेवकांबरोबर बसून आधीच पक्कं करा, नंतर लेखापरीक्षणात अडकू नये.

आणि एक चूक सांगतो, मी केलेली. पहिल्या वर्षी संध्याकाळचं जेवण पाच वाजता उरकायचो, कारण स्वयंपाकीण बाईंना उजेडात घरी जायचं असायचं. महिनाभरानं एका तिसरीतल्या पोरानं सांगितलं, 'गुरुजी, रात्री भूक लागते, मग आजीची भाकरी खातो, मग आजी उपाशी झोपते.' पाच वाजता जेवलेलं लेकरू नऊला भुकेलं होणारच. एवढं मला कळायला महिना लागला. मग जेवण सातला नेलं. पण सातला अंधार, आणि मोठ्या मुली घरी जाणार कशा? दोन बायकांना टॉर्च दिले, एक वरच्या आळीला, एक खालच्या. त्या प्रत्येक मुलीला दारापर्यंत सोडायच्या आणि आत आजीला हाक मारून मगच पुढं जायच्या. त्या दोन बायकांचं मानधन कुठल्याच लेखाशीर्षात बसत नव्हतं. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली.

पाटीवरची रेघ

ताई, मी अंगणवाडी सेविका आहे, तुमच्या शेजारच्याच तालुक्यात. बावीस वर्षं झाली. गुरुजींचं सगळं बरोबर आहे, पण तुमचा प्रश्न जेवणाच्या पुढचा आहे. तेराव्या वर्षी पोरीचं लग्न भाकरीसाठी होत नाही. ते रात्रीसाठी होतं.

मी स्वतः फडावर वाढले आहे. नऊ वर्षांची होते तेव्हा शाळा सोडून आईबापाबरोबर गेले, धाकट्या भावाला सांभाळायला. आई पहाटे तीनला उठून कोयता घेऊन जायची. मी भावाला पाचटावर झोपवायचे आणि शेजारी काठी रोवून तिला आईच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधायचे. गाडी भरायला ट्रॅक्टर मागं मागं येतो, ड्रायव्हरला पाचटात झोपलेलं लेकरू दिसत नाही. कुणी शिकवलं नव्हतं, शेजारच्या टोळीत एक लेकरू गेलं तेव्हापासून आम्ही सगळ्या पोरी तसं करायला लागलो. दुपारी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून विकायचे, पाणी आणायचं. दोन हंगाम असे गेले. तिसऱ्या वर्षी आजी आडवी पडली, 'ही पोरगी माझ्यापाशी राहील' म्हणाली. ती खरंच दारात आडवी झोपायची, माझ्या पायाशी. ती नसती तर मी आज हे लिहीत नसते.

म्हणून सांगते, आईबाप वाईट नसतात. माझ्याकडं एक आई आली होती, तिचं बोलणं जसंच्या तसं सांगते: 'बाई, फडावर नेली तर कोपीला दार नसतंय. आंघोळीला आडोसा नसतोय. मुकादम, ड्रायव्हर, कोण कोण येतंय जातंय. घरी ठेवली तर सासूला दिसत नाही. मी कुठं ठेवू तिला, सांग तू.' या बाईला कायदा सांगून काय होणार? तिनं प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर गावाकडं नाही, नवरा हे तिला सापडलेलं एकमेव उत्तर आहे. त्यात भर म्हणजे ऊसतोडीत जोडीला एक कोयता धरतात. एकट्या पोराला उचल मिळायची मारामार, लग्न झालं की नवा कोयता, नवी उचल. घरावर मागच्या हंगामाचं फिटलं नसेल तर मुकादमसुद्धा स्थळ सुचवतो. हे मी ऐकीव सांगत नाही.

मी आता दर भादव्यात एकच काम करते. शंभर पानी वही घेते आणि ज्या ज्या घरी दहा वर्षांच्या पुढची मुलगी आहे त्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारते: 'तुम्ही गेल्यावर ही रात्री कुणापाशी झोपणार?' लग्नाचा विषयच काढायचा नाही. उत्तर मिळेल ते नावासह लिहायचं. 'आजीपाशी' म्हटलं तर आजीला दिसतं का, ऐकू येतं का, दाराला कडी आहे का, तेही बघून यायचं. पहिल्या वर्षी माझ्या गावात एकतीस मुली निघाल्या. चोवीस जणींचं उत्तर ठीक होतं. सात जणींसमोर रकाना कोरा राहिला. ताई, त्या सात म्हणजे तुमचं काम. बाकी सगळं त्यानंतर.

सातपैकी तिघींचे अर्ज वसतिगृहाला भरले. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत, राज्यात ४१ तालुक्यांत ८२ मंजूर झालेली, प्रत्येक ठिकाणी एक मुलींचं आणि एक मुलांचं, शंभर-शंभर जागांचं. आपल्या जिल्ह्यात आधी सुरू झाली. सहावी ते आठवीला कस्तुरबा गांधी विद्यालयही बघा, तिथं राहायची सोय असते. अर्जाला ऊसतोड कामगाराची नोंद, शाळेचा दाखला असलं सगळं लागतं आणि ग्रामसेवकाची सही लागते, म्हणून मुकादमाची गाडी यायच्या आधी करायचं. एकीचे वडील वारले होते, तिच्या आईला बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून दिला, महिना २२५० रुपये मिळतात. ते सुरू झाले आणि आईनं त्या वर्षी उचल घेतली नाही, घरीच राहिली. दोघी जणी एका मावशीकडं झोपायला लागल्या. विधवा बाई, बचत गटातली, दारात शेळ्या बांधलेल्या असतात म्हणून रात्री कुणी आलं की आवाज होतो. त्या दोघींच्या आयांनी मावशीच्या हातात हात देऊन पोरी सोपवल्या, मी आणि पोलीस पाटील समोर होतो. असं समोर सोपवलं की मावशीलाही जबाबदारी वाटते आणि आईलाही फडावर झोप लागते.

त्या सातांतल्या शेवटच्या मुलीचं काही जमलं नाही. तिच्या बापानं दारातूनच परत पाठवलं. दसऱ्यानंतर तिचं लग्न झालं. मी अजून तिच्या घरावरून जाते तेव्हा पाय जड होतात.

आणखी एक. तुमच्या समितीत दोन मुलं घ्यायची असतात, ती खरी घ्या. एक मुलगी सातवी-आठवीतली घ्या. कुणाला हळद लागणार आहे हे पोरींना आपल्या आधी पंधरा दिवस कळतं. कुणाचा फोटो काढायला नेलं, कुणाला मामाकडं पाठवलं, कुणी वर्गात गप्प झालं. पण त्या पोरीचं नाव कुठं येऊ देऊ नका. 'तिनं सांगितलं' असं एकदा गावात झालं की परत कुणी तोंड उघडणार नाही. १०९८ ला फोन करणाऱ्याचंही नाव गुप्त राहतं, हे बायकांना मुद्दाम सांगा. बऱ्याच जणींना ते माहीतच नसतं.

डोंगरकाठ

गुरुजी, पाटीवरची रेघ ताई, तुमचे प्रतिसाद रात्री दोनदा वाचले. 'रात्री कुणापाशी झोपणार' हा प्रश्न मला सहा वर्षांत एकदाही सुचला नाही. मी सगळ्यांना 'मुलीला शिकवा' सांगत फिरले.

दोन गोष्टी अजून विचारते. जी लहान मुलं आईबापाबरोबर जातातच, त्यांच्यासाठी इथून काय करायचं? आणि ज्या मुलीचं लग्न होऊन गेलं, तिच्यासाठी आता काही करता येतं का, की सोडून द्यायचं?

पाचट

पहिल्या प्रश्नाचं मी सांगते. मी कृष्णाकाठी, कारखान्याच्या पट्ट्यातल्या शाळेत शिक्षिका आहे. तुमची मुलं आमच्याकडं येतात.

मूल निघताना शाळेनं शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायला. ते आईच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकमध्ये घालून द्या, मुलाच्या दप्तरात नको, दप्तर येईपर्यंत टिकत नाही. कार्ड नसलं तरी शाळेनं मूल घ्यायचंच असतं. स्थलांतरित मुलांना प्रवेश मिळवून देणं ही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं इथल्या स्थानिक संस्थेवर टाकलेली जबाबदारी आहे. कुठं 'दाखला आणा' म्हणाले तर हे ठामपणे सांगायला आईबापाला शिकवा, नाहीतर तुम्ही फोनवर बोला.

पण खरी अडचण प्रवेशाची नाही. मागच्या हंगामात माझ्या वर्गांत तेवीस नावं घातली, फेब्रुवारीत नऊ उरली. टोळीचा फड बदलला की कोप्या उठतात, शाळा चार कोस लांब राहते. आणि सात वर्षांच्या पुढच्या मुली पहिल्या आठवड्यानंतर येतच नाहीत. मी कोपीवर गेले एकदा, सकाळी अकराला. दहा वर्षांची मुलगी चुलीपुढं, कडेवर एक वर्षाचा भाऊ, दुसरा झोळीत, आणि झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, भाकरी थापता थापता पाय हलवत होती. माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, 'बाई, कविता पाठ झाली माझी.' म्हणूनही दाखवली, सगळी, पाय हलवत. मी तिला शाळेत ये म्हणूच शकले नाही. ती आली तर ती दोघं कुठं जाणार?

म्हणून आम्ही उलटीकडून सुरुवात केली. आधी लहानग्यांना अंगणवाडीत आणलं. इथल्या सेविकाबाईंनी कोप्यांजवळच एका शेतकऱ्याच्या रिकाम्या गोठ्यात दुपारपर्यंत बसायला सुरुवात केली. पोषण आहार तिथंच. धाकटी भावंडं तिथं आली, तशा पाच मोठ्या मुली शाळेत आल्या, त्यातली ही एक. तर तुम्ही तिथून काय पाठवायचं? यादी पाठवा. मुलाचं नाव, इयत्ता, बरोबर कोणती धाकटी भावंडं आहेत, मुकादमाचा फोन, कारखाना, गट. लसीकरणाचं कार्डही बरोबर द्या. गाडी निघाली त्या दिवशी ती यादी इथल्या केंद्रप्रमुखाला व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर आम्ही कोप्या पडायच्या दिवशी जाऊन उभे राहतो. ती यादी नसते तेव्हा आम्हाला महिन्यानं कळतं, तेही कुणी ओढ्यावर मुलं दिसली असं सांगितलं तर.

जी कर्नाटकात जातात त्यांना शक्यतो गावातच ठेवा. तिथल्या बऱ्याच गावांत शाळा कानडी. मूल वर्गात बसून राहतं आणि परत येतं तेव्हा आपलंही विसरलेलं असतं.

पाटीवरची रेघ

लग्न झालेल्या मुलीचं. सोडून द्यायचं नाही, पण धावतही जायचं नाही.

२००६ च्या कायद्यात असं आहे की लग्नाच्या वेळी जी अठराच्या आत होती ती स्वतः ते लग्न रद्द करून मागू शकते, अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत. त्याच्या आधी मागायचं झालं तर पालकामार्फत आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याबरोबर अर्ज होतो. खेड्यात तो अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. पण मागणी तिची पाहिजे. आपण एकदा तिच्या वतीनं ठरवलं, पोलीस आणले, आणि दहा दिवसांत तिलाच ते भोगावं लागलं. तुमच्याकडं न बघण्याचं कारण राग असेलच असं नाही. आपल्याशी बोलताना दिसली तर घरी काय होईल, याची भीती असेल.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय, बायको अठराच्या आत असेल तर नवऱ्यानं ठेवलेला संबंधही बलात्कारच. डॉक्टरांना अशी केस कळवावीच लागते. त्याचा परिणाम गावात असा होतो की दिवस गेलेल्या पोरीला घरातले दवाखान्यात नेतच नाहीत. मी पंधरा वर्षांची पोरगी सातव्या महिन्यापर्यंत नोंद न झालेली बघितली आहे, रक्त (हिमोग्लोबिन) सहा. म्हणून पहिलं काम तिची तब्येत. आशाताईला सांगा, इतर बायकांसारखंच सहज जाऊ दे तिच्या घरी, लोहाच्या गोळ्या देऊ दे, पाळीचं विचारू दे. काही असलं तर ते लपू देऊ नका, बाल कल्याण समितीला कळवायचं ते कळवायचंच, पण दवाखाना चुकता कामा नये.

मग शाळा. तिचं नाव कुणी कमी केलं असेल तर ते चूक आहे. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, लग्न झालंय म्हणूनही नाही. पोत घालून वर्गात बसायची लाज वाटते पोरींना. माझ्याकडच्या एकीच्या बाईंनी तिला सांगितलं होतं, 'तू मागच्या बाकावर नको, माझ्या टेबलाजवळ बस.' ती दहावी झाली. नवराही तिला परीक्षेला सोडायला यायचा, सतरा-अठराचं पोरगंच ते, त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

तिच्याकडं जाताना कागद घेऊन जाऊ नका. बचत गटाचं पासबुक घेऊन जा.

डोंगरकाठ

बारा दिवसांनी लिहिते आहे, माफ करा. वही घेऊन फिरत होते.

आमच्या गावात पाचवीच्या पुढच्या अडतीस मुली मागं राहणार आहेत. नऊ रकाने कोरे. पोलीस पाटलांना आणि मुख्याध्यापकांना बरोबर घेतलं होतं, दुसऱ्या दिवसापासून त्यांना नाही घेतलं, बायका मोकळं बोलत नव्हत्या. एका घरी आजोबांनी मला उठून दाराची कडी दाखवली, नवीन बसवलेली, आणि म्हणाले, 'आजवर असं कुणी विचाराय आलं नव्हतं.' एका घरी शिव्याही खाल्ल्या. नऊपैकी चौघींचे वसतिगृहाचे अर्ज तयार आहेत. दोन घरांत मावशीचं तुमच्यासारखंच जमेल असं दिसतंय. तीन अजून कोरे आहेत, त्यातल्या एका घरी मुकादमाचं येणं-जाणं वाढलंय, तिथं मी रोज जाते आहे, काही ना काही कारण काढून.

हातपंपावर भेटलेली ती मुलगी सध्या माहेरी आहे, पोळ्यापासून. मी पासबुक घेऊन गेले. आजी ओसरीत होती. तिनं पासबुक घेतलं, व्याजाचा आकडा दोनदा तपासला, बँकेनं एक नोंद चुकवली होती ती दाखवली. माझ्याशी दुसरं काही बोलली नाही. मी निघताना दारापर्यंत आली आणि हळूच विचारलं, 'हजेरीत माझं नाव हाय का अजून?' मी सांगितलं, उद्या बघून सांगते. शाळेत गेले, मुख्याध्यापकांनी हजेरी काढली. आठवीच्या यादीत तिचं नाव आहे, जूनपासून पुढं सगळी गैरहजेरी. त्या पानाचा फोटो काढून तिला दाखवला. नवऱ्याकडचे दसऱ्याला न्यायला येणार आहेत. सोमवारी मी आणि आशाताई तिच्या सासूला भेटायला जातोय, फक्त परीक्षेपर्यंत इथं राहू द्या एवढंच मागायला. जमेल की नाही ते लिहीनच.

पाचट बाई, यादी करायला घेतली आहे, धाकट्या भावंडांच्या रकान्यासह. तुमच्या पट्ट्यात आमच्या चार टोळ्या येतात.

दहा टक्क्यांचा ठराव परवाच्या सभेत मांडायचा आहे. टॉर्चवाल्या दोन बायकांचं मानधनही त्यातच मागणार आहे. गुरुजी, एक तातडीनं सांगा, पन्नास मुलांच्या संध्याकाळच्या भाकरीला पीठ किती धरू?

निवृत्त गुरुजी

लहान-मोठी धरून माणशी दोन भाकरी. ज्वारीचं आठ किलो धरा, सोमवारी नऊ. रविवारी घरी नीट जेवलेली नसतात.